रुद्राणीची वही आणि गुंडप्पाचा टँकर

लातूर जिल्हा नवा झाला, त्याच्या पहिल्याच उन्हाळ्यात विहिरी आटल्या. आणि नेमकं तेव्हाच सिद्धलिंग सरांनी कलाशाखेच्या वर्गाला मानवशास्त्राची गोडी लावायचं मनावर घेतलं. "पुस्तकं मिटा. एका जागी आठ दिवस बसा. माणसं वागतात तशी लिहून काढा, शहाणपणा शिकवू नका," त्यांनी बजावलं. रुद्राणीने औशाजवळचं मामाचं गाव निवडलं. तिथे टँकरवर होणाऱ्या भांडणांची कीर्ती तिने आईकडून ऐकली होती.

ती वही उघडून लिंबाखाली बसली, पण भांडण काही होईना. बायका शिस्तीत ओळीत उभ्या. "आधी तुमी घ्या, अक्का." "न्हाई वो, तुमीच घ्या." दुसऱ्या दिवशी टँकर काठोकाठ भरून आला, तिसऱ्या दिवशी वेळेआधी. पाचव्या दिवशी ड्रायव्हर गुंडप्पाने दोन खेपा केल्या आणि तिला अदबीने विचारलं, "बाई, कलेक्टरसायबाला आमचं नाव चांगलं सांगताल न्हवं?"

तो आपल्याला सरकारी बाई समजतोय, हे रुद्राणीला तेव्हा कळलं. खरं सांगावं तर गावाचं पाणी तुटणार. गप्प बसावं तर वहीतलं पान न् पान खोटं. दोन दिवस तिने वहीत एक ओळही लिहिली नाही. शेवटी तिने ओळीतल्या वडीलधाऱ्या तुळजाबाईंना गाठलं.

"मावशी, मी सरकारी नाही हो. मी कॉलेजातली पोरगी."

"ठाव हाय की. तू संगप्पाची भाची." तुळजाबाईंनी घागर खाली ठेवली. "तू सायबीन हाईस म्हनून गुंडप्पाला आमीच सांगितलं. अर्धा टँकर वाटंतच रिकामा करून यायचा मेला."

"आणि तुमची भांडणं?"

"सायबिनीम्होरं कुनी भांडतंय व्हय? सात दिस जीव कोंडलाय बग आमचा. तू आमाला बघायलीस, आमी त्याला बघायलो." मग त्या हळूच म्हणाल्या, "माय, यंदा नापास होशील का? पाऊस पडंस्तोवर हितंच बसशील?"

आठव्या दिवशी सर आले. रुद्राणीने त्यांना बाजूला घेऊन सगळं सांगितलं. सर बराच वेळ वही चाळत राहिले. बायकांचे डोळे त्यांच्यावर खिळले होते. तेवढ्यात गुंडप्पा हात पुसत पुढे आला.

"सायेब, बाईंचं काम झालं का?"

"कसलं झालं?" वही मिटत सर म्हणाले. "मृग सरेपर्यंत बसतील त्या. शेजारची चार गावं राहिलीत, तिथेही उद्यापासून माझ्या हाताखालची एकेक मुलगी बसेल."