तेजाबवाले मास्तर

गणपतराव मास्तर कुणाकडेही गेले, की यजमानाच्या आधी अंगणातल्या मातीची विचारपूस करीत. चिमूटभर माती उचलायची, कोटाच्या खिशातली बाटली काढायची आणि तेजाबाचे दोन थेंब टाकायचे. माती फसफसली की स्वारी खूश. "पाहा, चुना किती हाये!" एकदा त्यांनी आमच्या तुळशीलाच थेंब पाजले. आई म्हणाली, "मास्तर, तुमाले चहा पाजला थेच चुकलं माह्यं."

मास्तर अकोल्याच्या शाळेत शास्त्र शिकवीत. "आपली माती म्हंजे सासूबाई हाये. फॉस्फेटचं खत दिलं का चुन्याच्या कोठीत कुलूप लावून ठेवते. सुनेले काही देत नाही." सून म्हणजे कपाशी, हे आम्ही समजून घ्यायचं.

याच बाटलीनं घात केला. हिवरखेडला त्यांचे वडीलभाऊ नारायणराव शेती करीत. त्यांच्या मुलीच्या सोयरिकीसाठी मुलाकडचे पाहुणे शेत-वावर पाहायला आलेले, आणि मास्तरांनी सगळ्यांदेखत ढेकूळ फसफसवलं. पाहुण्यांना वाटलं, जमीनच नासकी! सोयरीक मोडली. मुलीचं पुढे चांगल्या घरी झालं, पण भावाभावांचं बोलणं तुटलं ते तुटलंच.

पुढे मास्तरांच्या कानावर आलं, दादा विलायती फॉस्फेट आणतो आणि वावरभर मुठीनं फेकतो. कपाशी आपली वीतभर. यंदाही तोच बेत आहे म्हटल्यावर मास्तरांचं जेवणावरून मन उडालं. "माह्यं नाव निघालं तर थो मुद्दाम उलटं करंल." मी कचेरीत नक्कलनवीस. माझ्या अक्षरात, सरकारी थाटाचं पत्र तयार झालं : 'चुनखडीच्या जमिनीत फॉस्फेट फेकू नये. कुजलेल्या शेणखतात मिसळून तासात, म्हणजे पेरणीच्या सरीत, बियाण्याजवळ द्यावे.' शेवटी मास्तरांनी कागद ओढून घेतला, काहीतरी खरडलं आणि पाकीट चिकटवून टाकलं.

दिवाळीआधी कामानिमित्त हिवरखेडला गेलो. कपाशी छातीला लागत होती. मी मास्तरांचा शेजारी म्हणताच नारायणरावांनी ते पत्र आणलं आणि शेवटच्या ओळीवर बोट ठेवलं : 'उन्हात फार वाकू नये, कंबर धरते.'

"माही कंबर धरते, हे कोण्या सायबाले ठाऊक हाये, सांगा!" म्हातारा हसता हसता डोळे पुसू लागला. "ये म्हना त्याले."

परतल्यावर मी कपाशीचं सांगायला लागलो, तर मास्तर मध्येच म्हणाले, "थे राहू द्या. दादाची कंबर कशी हाये?"

"तुम्हीच जाऊन पाहा. बोलावलंय."

दुसऱ्या दिवशी, जन्मात पहिल्यांदा शाळा बुडवून, मास्तर हिवरखेडच्या मोटारीत जाऊन बसले.