दाजीकाकांचा एक मे

आमच्या वाडीत एक मेला कोंबड्याच्या आधी दाजीकाका जागे होतात आणि मग वाडीत कुणाला झोपू देत नाहीत. अंगात खाकी गणवेश, ज्याची पोटावरची बटणं हल्ली लागत नाहीत. खांद्याला चामड्याची रिकामी पिशवी. प्रत्येक घरासमोर उभं राहून एक लांबलचक शिट्टी, आणि त्यामागून हाळी:

"उठा रे! सरकारान सुटी दिली हा, ती घोरूक नाय!"

दाजीकाका एसटीत कंडक्टर होते. मालवण, सावंतवाडी, नांदगाव स्टेशन, सगळीकडे फिरले. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, पण ते गाडीतून उतरले तरी गाडी काही त्यांच्यातून उतरली नाही. लग्नाच्या पंगतीत लोक दाटीवाटीने बसले की हे ओरडणार, "फुडे सरका, फुडे जागा आसा!" सत्यनारायणाची आरती संपली की "डबल बेल!" वाडीतलं कुणी म्हातारं माणूस गेलं की सगळे हळहळतात, दाजीकाका टोपी काढून म्हणतात, "आपल्या स्टॉपार उतारलो बिचारो."

माझं घर त्यांच्या घराला लागून. समुद्राकडच्या दोन खोल्या मी पर्यटकांना देतो. मे महिन्यात त्या भरलेल्या असतात. माणसं लाटांचा आवाज ऐकायला लांबून येतात आणि दाजीकाकांच्या शिट्टीने अंथरुणात उठून बसतात. एकदा मी हात जोडले. म्हटलं, "काका, आमच्या दारात तरी जरा हळू वाजवा."

"शिटी हळू वाजली तर ड्रायव्हर ब्रेक मारीत काय रे?" एवढं बोलून ते पुढच्या घराकडे गेले.

त्यांचा राग आहे तो ग्रामपंचायतीतल्या झेंडावंदनावर. झेंडा वर जातो, राष्ट्रगीत होतं, सरपंच दोन वाक्यं बोलतात, हातावर बिस्किटं पडतात आणि माणसं चपला शोधायला लागतात. "एवढो मोठो दिवस," दाजीकाका कळवळून म्हणतात, "आणि भायर काढल्या काढल्या परत डेपोत लावतत!"

म्हणून दिवस कसा साजरा करायचा हे दरवर्षी ते स्वतः ठरवतात. एका वर्षी त्यांनी किनाऱ्यावर वाळूचे किल्ले बांधायची स्पर्धा ठेवली, तीही फक्त मोठ्या माणसांसाठी. तिथे एकाच्या किल्ल्याचा तट दुसऱ्याच्या हद्दीत गेला आणि दोन सख्खे भाऊ तेव्हापासून एकमेकांशी बोलत नव्हते. पुढच्या वर्षी पोहण्याची शर्यत. नाव एकट्या दाजीकाकांनीच दिलं. तरी त्यांचा दुसरा नंबर आला, कारण वाडीतला एक कुत्रा त्यांच्याबरोबर पाण्यात उतरला आणि आधी बाहेर आला. पहिल्या नंबराचा नारळ त्यांनी कुत्र्यापुढे ठेवला. "नियम म्हणजे नियम," म्हणाले.

या वर्षी मात्र त्यांच्या डोक्यात रापण आली. रापण म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं. होडीतून ते समुद्रात अर्धगोल सोडतात, दोन्ही टोकांचे दोर किनाऱ्यावर आणतात आणि दोन बाजूंनी माणसं ओढत राहतात. पूर्वी अख्खी वाडी दोराला लागायची. आता आमच्याकडे ते जाळं भिवा तांडेलाच्या मांगरात, म्हणजे सामानाच्या खोपटात, पडून असतं.

दाजीकाका घरोघर फिरले. "एक मेक सगळ्यांनी रापण ओढूची. जाळ्यात गावतली ती मासळी रांधूची. वाळयेत एका पंगतीक बसान जेवचा."

जो तो म्हणाला, "काका, सिझन आसा." कुणाची पर्यटकांची होडी, कुणाचं खानावळीचं जेवण. मीही तेच म्हणालो. खोल्या भरलेल्या होत्या.

"सिझन, सिझन!" दाजीकाका म्हणाले. "भरलेल्या गाडयेतय एक माणूस मावता. मी मावयलंय."

वाडी ऐकत नाही म्हटल्यावर त्यांनी भिवाला गाठलं. भिवा अबोल माणूस. त्याला कुणी कधी काही मागत नाही, म्हणून मागितलं की तो देतो. एक मेला उजाडता उजाडता भिवाने आणि त्याच्या दोन भावांनी जाळं समुद्रात सोडलंसुद्धा. झेंडावंदन आटोपलं, माणसं चपलांकडे वळली, तेवढ्यात दाजीकाकांनी सरपंचांच्या हातातून माइक घेतला.

"जाळा दर्यात आसा," ते म्हणाले. "दोर किनाऱ्यार आसत. आता तुमी ठरवा."

लोक हसले. कुणीतरी "डबल बेल!" असं ओरडलं. मग हसत हसत सगळे आपापल्या कामाला गेले.

मी पाहुण्यांच्या न्याहारीसाठी घरी आलो. घावन्यांची ताटं बाहेर आणली, तर पुण्याहून आलेल्या काकू कठड्यापाशी उभ्या राहून खाली किनाऱ्याकडे बघत होत्या. पहाटे शिट्टीने उठल्यापासून त्यांनी माझ्याशी अबोला धरला होता.

"तो माणूस एकटा काय करतोय?" त्यांनी विचारलं.

मी पाहिलं. एका बाजूच्या दोराला भिवा आणि त्याचे भाऊ होते. दुसऱ्या बाजूच्या दोराला दाजीकाका एकटे. टाचा वाळूत रुतवून, मागे रेलून ओढत होते. दोर जरासा यायचा, लाट तो परत घ्यायची आणि दाजीकाका दोराबरोबर पाण्याकडे घसरत जायचे. परत उठायचे. पँट गुडघ्यापर्यंत भिजली होती, टोपी पाण्यात तरंगत होती. कुणाला हाक मारत नव्हते. सोडतही नव्हते.

मी ताटं ठेवली. माझ्या आधी काकू पायऱ्या उतरल्या.

"पहाटे शिट्टी वाजवणारे तुम्हीच ना?" खाली जाऊन त्यांनी विचारलं.

"होय," दाजीकाका धापा टाकत म्हणाले.

"ओढता मात्र येत नाही तुम्हाला. पाठीने नाही, पायाने ओढा. सरका!" आणि काकूंनी साडीचा पदर खोचून दोर धरला. कॉलेजात त्या रस्सीखेचीच्या संघात होत्या, हे त्यांच्या नवऱ्यालाही तेव्हाच कळलं असावं, कारण ते बिचारे चहाचा कप हातात घेऊन तसेच मागे धावत आले.

मासळी विकून बाजारातून परत येणारी रुक्मिणी हे बघून थांबली. तिने टोपली खाली ठेवली. "पुण्याच्यो बायलो दोर ओढतत आणि आमी बघीत ऱ्हवतलंव? मेल्यांनो, भायर पडा!" तिचा आवाज शिट्टीहून मोठा. घराघरातून माणसं आली. खानावळवाला पिठाच्या हातांनी आला. बोलणं टाकलेले ते दोघे भाऊ एकाच दोराला आले आणि एकमेकांना "जोर लाव" म्हणाले. सरपंच इस्त्रीच्या कपड्यांत आले आणि पहिल्याच लाटेला बसले.

जाळं आलं तेव्हा त्यात जेलीफिशच जास्त होते. शिवाय एक चप्पल. पण तळाशी पेडवे चमकत होते, थोडे बांगडे होते. वाडीला पुरणारे नव्हते. रुक्मिणीने त्या माशांचं तिखलं, म्हणजे तिखट कालवण, पातळ केलं, प्रत्येक घरातून भात आला आणि सुरूच्या झाडांच्या सावलीत सगळे पंगतीला बसले. तसं पातळ तिखलं मी आधी कधी खाल्लं नव्हतं, आणि तसं चवीचंही नाही.

माणसं पांगल्यावर मी आणि दाजीकाका टोपं उचलून वर आलो. ते माझ्या पायरीवर टेकले. तळहात सोलवटले होते.

"काका," मी विचारलं, "ह्यो सगळो सोस कित्याक?"

त्यांनी पँटवरची वाळू झटकली.

"नोकरीत सुटी म्हटल्यार जादा गाडी," ते म्हणाले. "गणपती असो, दिवाळी असो, एक मे असो. मी लोकांका घराकडे पोचवीत ऱ्हवलंय. तुझी मालनकाकी सारखी म्हणायची, एक तरी सुटी घरात काढा. मी सांगलंय, रिटायर होवदे, मगे सुटीच सुटी." त्यांनी तळहाताकडे पाहिलं. "रिटायर होवच्या आदल्या पावसात ती गेली. आता सुटी इली काय घर खावक उठता. सुटयेच्या दिसा लोक घरात करतत तरी काय, ता माका शिकूकच गावला नाय रे."

आत माझी बायको सुनीता भांडी लावत होती. तिने ऐकलं असावं. ती बाहेर आली ती कमरेवर फणस घेऊन. तो तिने पडवीत आदळला.

"काय करतत? फणस फोडतत," ती म्हणाली. "हातांक तेल लावा आणि बसा."

दाजीकाकांनी तिच्याकडे बघितलं, मग फणसाकडे. खाकी शर्ट काढून घडी घातली, कठड्यावर ठेवली आणि तेलाची वाटी पुढे ओढली.

दिवेलागणीपर्यंत ते आमच्या पडवीत गरे काढत होते. कामाचा हात नव्हता. निम्मे गरे फाटले, कोपरापर्यंत चीक लागला. पुण्याच्या काकूंनी त्यातही चुका काढल्या. दाजीकाका पुढचा गरा उचलायचे. उठायची मात्र त्यांची चिन्हं दिसत नव्हती.

"उद्याय येवा," सुनीता म्हणाली. "आणि एक पिकलो आसा."

"उद्या सुटी खंय आसा?"

"मगे काय झाला?" म्हणत तिने उरलेला अर्धा फणस त्यांच्यापुढे सरकवला.