साहेबाच्या गाडीतला मासा

यापुढे साहेबाच्या एकाही इंग्रजी वाक्याचा सरळ अर्थ घ्यायचा नाही, असं मी ठरवून टाकलं. कारणही तसंच होतं. साहेब भर ऑफिसात मला ‘पुल अप युवर सॉक्स’, म्हणजे जरा कंबर कसून काम कर, असं म्हणाला आणि मी वाकून मोजे वर ओढले. (एक खरंच ढिला होता, पण ते ऐकून कोण घेतो?) सगळं ऑफिस हसलं. त्याच संध्याकाळी इथल्या, बहरीनच्या, बाब अल बहरीन बाजारातून मी इडियम्सचं जाडजूड पुस्तक आणलं.

जूनमध्ये साहेबाला तातडीने लंडनला जावं लागलं. मी त्याला मुहर्रकच्या विमानतळावर सोडलं. माझी बायको शेवंती व्हिजिट व्हिसावर आली होती. तिला इथेच ठेवून घ्यायचं तर व्हिसाच्या कागदावर साहेबाची सही हवी होती. ‘आल्यावर बघू,’ म्हणाला आणि गाडीची किल्ली माझ्या हातात ठेवली.

“पांडुरंग, देअर इज अ फिश बिहाइंड द बॅक सीट. टेक इट होम.”

मी गालातल्या गालात हसलो. आता मी फसतोय होय! घरी येऊन पुस्तक पालथं घातलं. अर्थ उघड होता: ऑफिसात पाठीमागे काहीतरी शिजतंय, घरी जाऊन शांतपणे विचार कर. मला कॅशियर हमीदचा संशय आला. मी त्याच्यावर पाळत ठेवली.

गाडी गुदैबियात आमच्या बिल्डिंगखाली, काचा बंद, रणरणत्या उन्हात उभी.

“अवो, गाडयेत मासो कुसलोसा वाटता,” शेवंती नाक दाबून म्हणाली.

“अगं, तो वाक्प्रचार आहे.”

“वाक्प्रचारावर माशये बसतत?”

“तुला इंग्रजी येत नाही, तू बोलू नकोस!”

आठवड्याने साहेब गाडी न्यायला आला. दार उघडलं आणि दुप्पट वेगाने लावलं.

“द फिश!” तो किंचाळला.

“आय अंडरस्टुड, सर,” मी हळूच म्हणालो. “आय ॲम वॉचिंग हमीद.”

साहेबाचा चेहरा बीटासारखा लाल झाला. शेवंतीचा व्हिसा खलास, या विचाराने मी खिशातला तिचा कागद चाचपला.

तेवढ्यात शेवंती नाकाला पदर बांधून, बादली घेऊन खाली आली. मागच्या सीटमागून तिने गळकी पिशवी ओढून काढली आणि साहेबासमोर धरली.

“फिश!”

“येस! फिश!” साहेब रडकुंडीला येऊन म्हणाला.

दोघांचं संभाषण इतकंच झालं, पण त्याने खिशातून पेन काढलं, माझ्याकडून कागद मागितला आणि गाडीच्या बॉनेटवरच सही ठोकली. मी गहिवरून आभार मानायला लागलो, तर हात वर करून म्हणाला, “हिला अजिबात परत पाठवू नकोस. तुझ्या घरात इंग्रजी समजणारं एक तरी माणूस हवं.”