मधला खांब

गोठ्याची तुळई कपाळाला लागली, तेव्हा रावजीने पहिली शिवी तुळईला दिली आणि पुढच्या सगळ्या धोंडूला. गेल्या वर्षीपर्यंत याच तुळईखालून तो ताठ मानेने जायचा. म्हणजे गोठा खचत होता, आणि आठवड्याभरात विणारी म्हैस नेमकी तिच्याखाली बांधलेली होती.

वरंधच्या वरच्या वाडीतला हा गोठा एक, भाऊ दोन. मध्ये कुडाची भिंत. अलीकडे रावजीची म्हैस, पलीकडे धोंडूचे बैल. अकरा वर्षं भावांचं बोलणं बंद होतं. जे बोलायचं ते रावजीच्या बायकोमार्फत. "सांग त्याला," असं रावजी भिंतीकडे तोंड करून ओरडे. पलीकडे ते स्वच्छ ऐकू जाई. तरीही सगुणाबाईने वळसा घालून तेच पुन्हा सांगितल्याशिवाय धोंडू उत्तर देत नसे.

"सांग त्याला, त्याच्या कडेचा खांब खचलाय."

सगुणाबाई जाऊन आली. "भावजी म्हणतात, खचलाय तो तुमच्या कडेचा."

रावजी तणतणत महाडला गेला, मुलाच्या, किशोरच्या डंपरचा जॅक घेऊन आला आणि आपल्या कडेचा खांब दोन बोटं उचलून त्याने खाली दगड सारला. दुसऱ्या दिवशी धोंडूने पोलादपूरहून जॅक आणला आणि आपली कड अडीच बोटं उचलली. रावजीने लगेच आणखी एक बोट चढवलं. त्या दुपारी तुळई मध्येच कडाडली, चार कौलं घसरून फुटली आणि म्हैस दावं तोडून अंगणात गेली. ती काही केल्या आत येईना.

तेव्हा सून पूनम मध्ये पडली. ती बी.एस्सी. झालेली. पारदर्शक नळीत पाणी भरून तिने सासऱ्याला समजावलं, की दोन्ही टोकांना पाणी एकाच उंचीवर थांबतं. रावजीला सगळं पटलं. फक्त दुसरं टोक धोंडूच्या हातात, एवढं सोडून. आणि झालंही तसंच. रावजीने आपलं टोक वर केलं, खाली केलं, पण पाणी हलायला तयार नाही.

"सांग त्याला, लबाडी नाय चालणार."

पूनमच जाऊन बघून आली. पाणी सांडू नये म्हणून काकांनी टोकावर अंगठा घट्ट दाबून धरला होता. अंगठा निघाला, पाणी जागेवर आलं. तिने तिन्ही खांबांवर मापं घेतली. दोन्ही कडांत अर्ध्या बोटाचा फरक. भिंतीतला मधला खांब मात्र पाच बोटं खाली. तो दुसऱ्याच्या वाटणीचा, असं दोघेही धरून चालले होते. गोमूत्र मुरून त्याच्या बुडाची माती लोण्यासारखी झाली होती.

आता भिंतीच्या दोन्ही बाजूंना जॅक लावून तुळई एकाच वेळी उचलायला हवी होती. एक बाजू पुढे गेली की ती मोडणार. पण भिंतीमुळे एकाचा हात दुसऱ्याला दिसेना.

"सांग त्याला, दाब."

सगुणाबाई पोचेपर्यंत रावजीची बाजू वर गेलेली. तुळई करकरली. धोंडूचं "थांबा" घेऊन ती परतेपर्यंत आणखी करकरली. तिसऱ्या फेरीला ती अंगणातच बसली.

"मी नाय जात. उद्या तुळई म्हशीवर पडली, तर तुम्ही दोघांनी दूध द्या."

रावजीच्या कपाळाची शीर ताठ झाली.

"धोंडू," तो अखेर गुरगुरला, "मी एक म्हटलं की दाब."

पलीकडून थेट उत्तर आलं, "तूच का सगळं म्हणणार? दोन मी म्हणणार."

"म्हण रे मेल्या."

एक. दोन. एक. दोन. तुळई सूतसूत वर आली. पूनमने माती उकरून मधल्या खांबाखाली चपटा दगड बसवला. म्हैस आपली आपण आत येऊन बसली.

आवाज मात्र थांबेनात.

"थोरल्या भावाला दुसऱ्या पंगतीला बसवतात काय रे, पोरीच्या साखरपुड्यात?"

"पयल्या पंगतीला तू होतास कुठं? पान वाढून ठेवलं, तर तू दाढी करत बसलेला."

दिवेलागण झाली तरी दोघे आपापल्या बाजूने भिंतीवर तुटून पडत होते. पूनम घाबरली. "आई, थांबवू का त्यांना?"

"नको गो," सगुणाबाई पाय पसरत म्हणाली. "अकरा वर्षांत पयल्यांदा ह्यांचं भांडण मी बसून ऐकतेय."