आप्पांच्या पेशींचं खाणं

हे मी अजून कुणालाच सांगितलेलं नाही, बायकोलाही नाही. पण आधी आप्पांविषयी सांगायला हवं.

नांदेडच्या आमच्या प्रयोगशाळेतले आप्पा मूळचे उदगीरचे. बाटल्यांत वाढवलेल्या पेशींना खाऊ घातल्याशिवाय ते स्वतःचा डबा उघडत नाहीत. बाटलीतलं तांबडं द्रावण पिवळं पडलं, की "लेकरं उपाशी हायेत" म्हणत उठतात. माणसांनाही तोच न्याय. माझा चेहरा उतरलेला दिसला, की म्हणतात, "मोहन, पिवळा पडून राहिलास. जेव आधी."

त्यांचं खूळ म्हणजे आरएनएचा एक धागा. एरवी आरएनए प्रथिनं बनवायचा निरोप नेतो; हा कसलंच प्रथिन बनवत नाही. "म्हनून काय रिकामटेकडा हाय का?" आप्पा विचारतात. त्यांच्या मते, विषाणू शिरला की हा धागा पेशीला भसाभस साखर जाळायला लावतो, त्यातून आम्ल साचतं आणि विषाणूविरुद्धचा बंदोबस्त ढिला पडतो. "चोर घरात, अन् हे बेनं चुलीवर कढई ठेवून बसलंय." धागा गप्प केला तर विषाणू आवरेल, एवढं त्यांना निवृत्तीआधी दाखवायचं होतं.

गेल्या महिन्यात, विषाणू सोडलेल्या बाटल्या माझ्यावर सोपवून ते बायकोच्या पुण्यस्मरणाला गावी गेले. धागा गप्प केलेल्या बाटल्यांना मी द्रावण घातलं आणि ते संपलं. तुलनेसाठी धागा तसाच ठेवलेल्या उरलेल्या बाटल्यांसाठी फ्रिजमधून दुसरं काढलं. रंग तोच होता. लेबल नंतर वाचलं: जास्त साखरेचं. त्या उरलेल्या बाटल्यांत विषाणू माजला. धाग्यामुळे की साखरेमुळे, कोण सांगणार?

गावाहून परतल्यावर आप्पा विषाणूंची मोजणी घेऊन थेट माझ्या घरी आले. "जमलं, मोहन."

"आप्पा, उन्हाचं कशाला आलात, फोन करायचा," बायको म्हणाली.

"फोनवर न्हाई व्हत ते, वहिनी. आमची होती तवर घरी जाऊन तिला सांगायचो. तिला काई कळायचं न्हाई, पर हाव, हाव म्हनत सगळं ऐकायची." मग माझ्याकडे वळले. "आता तूच हायेस. ऐक."

तासभर ते सांगत राहिले. मी हाव, हाव म्हणत राहिलो.

सोमवारी ते लातूरच्या परिषदेत हे मांडणार आहेत. त्याआधी त्यांना त्या द्रावणाचं सांगणं आणि मग सगळा प्रयोग त्यांच्यासोबत पुन्हा करणं, एवढं मी त्यांचं देणं लागतो.