नानांना विचारा

नाना कुठल्याही वस्तूवरून आधी अंगठा फिरवत. केळ्यावरून तर फिरवतच, पण चहाच्या कपावरून, नव्या कॅलेंडरवरून, एकदा मालकांच्या होणाऱ्या जावयाच्या खांद्यावरूनही. रावेरच्या आमच्या केळी-एजन्सीत कॉम्प्युटर आला, त्या दिवशी त्यांनी त्याच्या कोपऱ्यावर अंगठा दाबून निकाल दिला, "कच्चा हाये."

मी त्या कॉम्प्युटरसोबत आलेली मुलगी. जळगावच्या इंग्रजी शाळेतली, कमी बोलणारी. कुठल्या गावच्या मागणीला कुठली बाग कापायची, हे नाना तीस वर्षं तोंडी ठरवत आले होते. आता ते मशीनने ठरवायचं होतं. मी पंधरा दिवसांत प्रोग्रॅम लिहिला. मागणी आली, की रस्त्याजवळची तयार बाग निवडायची. पहिलाच ट्रक दिल्लीला पोचला तो वाटेतच पिकून पिवळाधमक. व्यापाऱ्याने मालकांना आणि मालकांनी मला जे ऐकवलं, त्यातलं निम्मं मराठी आमच्या शाळेत शिकवलं नव्हतं.

"त्या डब्ब्याले काय बोलता?" नाना मालकांना म्हणाले. "पोरीनं त्याले बागेचं नाव सांगलं. केळ कुठी सांगलं?"

मग मी टायपिंग बंद केलं आणि वही घेऊन त्यांच्यामागे बागांतून हिंडू लागले. कशालाही त्यांचं उत्तर एकच, "पाहा लागते." घड कधी कापायचा? पाहा लागते. तब्येत कशी आहे? पाहा लागते. चार महिने मी एवढंच विचारत राहिले, की नाना, पाहता म्हणजे नेमकं काय पाहता? तेव्हा एकेक बाहेर आलं. दिल्ली लांब, तिथल्या केळ्याला धारा, म्हणजे सालीवरचे कंगोरे, हव्यात; इंदूर जवळ, तिथलं गोल भरलेलं चालतं. उन्हाळ्यात दिल्लीचं आणखी आधी कापायचं.

"माह्या पोरानं एवढं कधी इचारलं नाही," ते एकदा म्हणाले. पोरगा सुरतेला होता.

दुसऱ्यांदा प्रोग्रॅम लिहायला फार काही उरलंच नव्हतं. जिथे नियम सापडला नाही, तिथे मी पडद्यावर इंग्रजी अक्षरांत एक ओळ ठेवली : नानांना विचारा. ती अक्षरं नानांना वाचता येत नसत, पण ती ओळ ते ओळखत. येईल त्या ड्रायव्हरला बोट ठेवून दाखवत. "माहं नाव हाये. मशीन बी मलेच इचारते."

हंगाम चांगला गेला. मालकांनी नानांना शाल दिली आणि म्हणाले, "आता घरी आराम करा." मला पंख्याखालची खुर्ची मिळाली. ती नानांची होती.

पुढच्या महिन्यात मालक म्हणाले, "ताई, ते नानांचं नाव काढा. व्यापारी हसतात." मी काढलं. मिनिटभराचं काम. त्या जागी 'मालकांना विचारा' घातलं. मालक काहीही विचारलं तरी 'कापून टाका' म्हणतात.

दुसऱ्या दिवशी सकाळी नानांकडे गेले. सांगायलाच गेले होते. ते ओट्यावर एकटे बसले होते. इस्त्रीचा सदरा, टोपी, पायात वहाणा.

"कुठे निघालात, नाना?"

"कुठी नाही." त्यांनी आतून केळ्यांची एक फणी आणली, अंगठा फिरवून माझ्या हातात दिली. "माहं नाव येते का वं अजून?"

"येतं, नाना. रोज."

त्यांनी मान डोलावली. "मंग मालकाले सांगजो, बोलवाले लाजू नको म्हना. मी सातलेच तयार होऊन बसतो."