बिराजदार गुरुजींचा शक

बिराजदार गुरुजींशी माझी ओळख झाली ती चपला उलट्या करून. शाळेच्या दारात मी नमस्कार केला. त्यांनी तो घेतला नाही.

"चपला काढ. खालची बाजू दाखव."

मी दाखवली. चपला स्वच्छ होत्या. गुरुजींच्या तोंडावर समाधान पसरलं.

एसटी उदगीरच्या अलीकडे फाट्यावर सोडायची. तिथून गावापर्यंत धुळीची वाट होती. चालत येणारा माणूस घोट्यापर्यंत पांढरा होई. जीपमधून येणारा होत नसे आणि जीप फक्त साहेबांकडे असते, असा गुरुजींचा हिशेब होता. मी म्हणालो, मला पाण्याच्या टँकरनं आणून सोडलं.

"टँकरवाला सख्ख्या भावाला फुकट आणत न्हाई. खरं सांग, कुणी पाठवलं?"

मला अध्यापक विद्यालयानं पाठवलं होतं. गावातल्या शाळेत काही दिवस बसून प्राथमिकचे वर्ग पाहायचे, गुरुजी कसे शिकवतात ते टिपायचं, एवढंच काम. तसं पत्रही होतं. गुरुजींनी ते उजेडात धरून शिक्का पाहिला, वास घेतला आणि परत दिलं. "शाई ताजी हाय," ते म्हणाले.

लातूर जिल्हा नवा झाला होता. पाऊस जुन्या-नव्या कुठल्याच जिल्ह्यात पडला नव्हता. नवीन कचेरी, नवीन साहेब, म्हणजे मास्तर कमी करणार, असं गुरुजींचं मत होतं. त्यासाठी ते आधी गुपचूप माणूस पाठवणार. तो माणूस तरुण असणार, गरीब दिसणार आणि वर्गात मागं बसायचं म्हणणार.

मी मागं बसू का, असं विचारलं.

"पुढं बस. माझ्या शेजारी. मागं बसलेला माणूस काय करायलाय ते दिसत न्हाई."

अशा रीतीनं मी वर्गाकडे तोंड करून, फळ्याला पाठ लावून निरीक्षणाला बसलो. पोरं माझं निरीक्षण करत होती, गुरुजी माझं निरीक्षण करत होते. फळ्यावर काय लिहिलंय ते तेवढं मला दिसत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी माझी परीक्षा घेतली. पाढे घेता घेता मोठ्यानं म्हणाले, "सात साती अठ्ठेचाळीस," आणि माझ्याकडे पाहिलं. मी संकोचानं गप्प राहिलो. पोरं ओरडली, "एकोणपन्नास, गुर्जी!"

मधल्या सुट्टीत त्यांनी निकाल सांगितला. "साहेब असतास तर तोंड उघडलं असतंस."

"म्हणजे मी साहेब नाही ना?"

"हुशार साहेब असशील तर गपच बसशील. शक हाय मला."

'शक हाय मला' हे त्यांचं नेहमीचं बोलणं. कपाळावर विभूतीचे पट्टे, धुतलेलं धोतर, अंगात कोट आणि डोळे सतत बारीक केलेले. खडूच्या पेटीला कुलूप. एसटीत तिकीट घेतलं की कंडक्टरलाच विचारणार, "खरं हाय न्हवं?" ताप आलाय म्हणणाऱ्या पोराचा आधी हात हुंगणार. कांदा घासून ताप आणला असेल, असा शक.

पण एक गोष्ट या सगळ्यात बसत नव्हती. पोरं मधल्या सुट्टीत घरी जेवून आली की गुरुजी एकेकाला उभं करून विचारत, "घरी भाकरी किती झाल्या?"

"चार, गुर्जी."

"तीन. एक म्हातारीला."

"झाल्याच न्हाईत. घुगऱ्या खाल्ल्या."

गुरुजी मान हलवत आणि भूगोल सुरू करत. आता शक घ्यायची पाळी माझी होती. ज्या दिवसांत लोकांच्या घरात पीठ मोजून मळलं जात होतं, त्या दिवसांत या माणसाला दुसऱ्याच्या चुलीची चौकशी कशाला? फाट्यावरच्या हॉटेलवाल्याला मी विचारलं. तो कप विसळत म्हणाला, "एकटा जीव हाय. ज्याच्या घरी जास्ती झाल्या, तिथं सांजच्याला जाऊन बसतो. आता काय खातो, काय बोलतो, आपल्याला काय ठाऊक?"

मला ठाऊक झाल्यासारखं वाटलं. मास्तर जेवणाची सोय पाहतो, असं मी मनात पक्कं करून टाकलं.

एके दिवशी चौथीतली कस्तुरा उभी राहिली. वर्गात सगळ्यात आधी हात वर करणारी मुलगी. "लई झाल्या, गुर्जी," ती खुशीत म्हणाली. "टोपलं भरलं. आईनं धपाटे बी केले."

गुरुजींनी हातातला खडू पेटीत ठेवला आणि कुलूप लावायला विसरले. शाळा सुटल्यावर ते मला म्हणाले, "चल. कुणी पाठवलं असंल तर हे बी बघून घे."

वाटेत मी जरा खोचकपणे विचारलं, "जेवायला चाललो का?"

ते थांबले. माझ्याकडे पाहिलं. पहिल्यांदाच डोळे बारीक न करता.

"तीन भाकरीच्या घरात टोपलंभर भाकरी कवा होत्यात? गाव सोडताना. रातच्या गाडीनं हैदराबादला बांधकामावर चाललेत. आईबाप सांगत न्हाईत, मास्तर आडवा येतो म्हणून. लेकरं खरं बोलत्यात." मग चालायला लागले. "गेलेलं लेकरू माझ्या वर्गात परत बसलेलं मी अजून बघितलं न्हाई."

नागनाथच्या, म्हणजे कस्तुराच्या बापाच्या, दारात गाठोडी बांधायचं काम चाललं होतं. गुरुजींना पाहून त्याचे हात थांबले.

"नागनाथ, तू जा. पोरगी ठेव. चौथी हुईपर्यंत."

"कुणापाशी ठेवू गुर्जी? म्हातारी बी संगं चालली."

"माझ्याकडं ठेव. दोन वेळा जेवंल. अभ्यास करंल."

नागनाथनं हातातली दोरी खाली ठेवली. तो अदबीनंच बोलला, पण नजर हटवली नाही. "गुर्जी, राग मानू नका. तुमच्या घरी बाईमाणूस कोण हाय?"

उत्तर त्याला माहीत होतं. गावात सगळ्यांनाच माहीत होतं. गावभर प्रश्न विचारत फिरणाऱ्या माणसाला कुणीतरी उलटा प्रश्न विचारला होता आणि त्या प्रश्नातला शक अंगणातल्या प्रत्येकाला ऐकू आला होता. मला वाटलं, गुरुजी आता भडकतील.

"कुणी न्हाई," ते म्हणाले. मग म्हणाले, "बरोबर इचारलंस. तुझ्या जागी मी असतो तर मी बी ठेवली नसती."

नागनाथनं मान खाली घातली. "तिकडं साळा आसंल तर घालतो गुर्जी."

"घाल."

मला वाटलं, संपलं. मी वळलो. गुरुजी वळले नाहीत. त्यांनी कोट काढून खुंटीला अडकवला आणि अंगणात अंथरलेल्या वाकळेवर मांडी घालून बसले.

"कस्तुरा, पाटी काढ गाठोड्यातनं. मोठा भागाकार राहिलाय तुझा."

ती समोर येऊन बसली. गुरुजींनी गणित घातलं. तिचं चुकलं. त्यांनी पुसलं, पुन्हा घातलं. "घाई करू नको. वरचा आकडा खाली घे. आता बघ, किती वेळा जातो?" आवाजात वर्गातला संशय नव्हता. तिचं बरोबर आलं तेव्हा ते फक्त "हं" म्हणाले आणि त्याहून अवघड घातलं. नागनाथ दोनदा फाट्याच्या वाटेकडे बघून आला.

उजेड कमी होत गेला तशी दोघांची डोकी पाटीवर अधिक वाकली. कस्तुराची आई बाजूला दोरी हातात घेऊन उभी होती. बाकी सगळं बांधून झालं होतं. ते दोघं बसले होते ती वाकळ तेवढी राहिली होती. तिनं त्यांना उठवलं नाही.